घडीचा कान

६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

वसतिगृहाच्या गच्चीवर शनिवारी चादरी वाळत पडायच्या, आठवतं? वाळल्या की जोडीजोडीने घड्या घालायच्या. तू एका टोकाला, मी दुसऱ्या. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. कोपरे जुळले की तुझी थंडगार बोटं माझ्या बोटांना लागायची. मग तू वाकून लोंबतं टोक उचलून पुन्हा मागे जायचीस. चादर लहान होत जाई तशा आपण जवळ येत जायचो. शेवटची घडी तुझी, आणि तिथेच तू घोळ घालायचीस. एक कोपरा आत न दुमडता बाहेर ठेवायचीस, मांजराच्या कानासारखा. तुझं म्हणणं, अंधारात पांघरूण ओढायचं तर टोक हाताला लागायला नको का? एकदा सिस्टरनी पकडलं. म्हणाल्या, "घडीला कान कशाला?" तू मान खाली घालून म्हणालीस, "प्रार्थना ऐकायला, सिस्टर." त्या हसल्या नाहीत. पण वळून जाताना त्यांचे खांदे हलत होते. शिक्षा मात्र दोघींना झाली. आठवडाभर सगळ्या चादरी आपल्याच गळ्यात.

माझ्या घड्या सरळसोट असायच्या. पुढे नकाशांच्या कचेरीत रेघा ओढायची नोकरी मिळाली तेव्हा तू म्हणालीस, "ताईला तिच्या चादरींनीच नोकरीला चिकटवलं."

आज हे का आठवलं ते सांगते. काल घड्याळजी आले होते. तू त्यांना एकदाच पाहिलं आहेस, तुझी भिंगरी गेली त्या दिवशी. जिन्यात टोपी हातात घेऊन उभे होते, आत यायचं सुचत नव्हतं त्यांना. दुकानात घड्याळं दुरुस्त करतात आणि रविवारी गावाबाहेरच्या माळावर मुलांना रॉकेटं उडवायला शिकवतात. छोटी रॉकेटं, पुठ्ठ्याच्या नळीची. भिंगरी त्यांच्याकडे शाळेत असल्यापासून जायची, मोठी झाल्यावर शिकवायलाही लागली होती.

त्या माळावर आता गोदामं होणार आहेत. म्हणून त्यांच्या रॉकेट मंडळाची खोली आवरताना वरच्या फळीवर एक लांबट खोकं सापडलं. झाकणावर भिंगरीचं अक्षर : "तयार. हात लावू नये." घड्याळजी म्हणाले, "मी लावलाय थोडा. धूळ पुसली."

तिने केलेलं शेवटचं रॉकेट आहे ते. त्या रविवारी वारा फार होता म्हणून उडवायचं राहिलं. पुढच्या रविवारी ती तापात होती, आणि त्या तापातून उठलीच नाही. मला वाटत होतं तू सगळं नेलंस. कंगव्यापासून रेनकोटापर्यंत दोन ट्रंका भरून नेलंस, आणि दाराशी म्हणालीस, "तुझ्याकडे ती होती. माझ्याकडे वस्तू तरी असू देत." मी अडवलं नाही. म्हणून हेही तुझंच, असं धरून लिहिते आहे.

माळ एप्रिलअखेर हातचा जाणार. त्याआधी ते एकदा उडावं असं मला फार वाटतं. पण तुझ्याशिवाय नको वाटतं. तू येशील का?

घर बदललंस की तुझं पत्त्याचं छापील कार्ड येतं. त्यावर एक अक्षरही हाताने लिहिलेलं नसतं. तरी ते येतं, म्हणून हे धाडस.

अक्षर जरा बारीक आलं आहे. पेन नवं आहे.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

उत्तर आलं नाही. टपाल हल्ली रेंगाळतं, असं मी घराच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "टपाल कुठं रेंगाळतं? विजेचं बिल बरं वेळेवर येतं."

तू ते पाहिलेलं नाहीस, म्हणून कसं दिसतं ते लिहिते. माझ्या हाताएवढं लांब आहे. अंग पांढरं, मधे काळे चौकोन, शेपटीला चार पंख, नाक हलक्या लाकडाचं. जुन्या एका खऱ्या रॉकेटची ही हुबेहूब प्रत. संच विकत मिळतो, पण नुसते सुटे भाग. बाकी सगळं आपण करायचं. पंखांचं लाकूड घासून घासून तिने साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत केलंय. स्वयंपाकघराच्या टेबलावर महिनाभर ही घासाघीस चालली होती. आमच्या चहात लाकडाचा भुसा पडायचा.

हुबेहूब करण्यात एक गोम असते, हे मला तिच्यामुळे कळलं. मोठ्या रॉकेटचे पंख लहान असले तरी त्याचं भागतं. तसंच लहान करून उडवलं तर ते वर जाऊन कोलांट्या खातं. मग एकतर पंख मोठे करा, नाहीतर नाकात वजन भरा. मी म्हटलं, पंख मोठे कर, कोण मोजायला येतंय? तर म्हणाली, "मावशी, मग ते तेच राहणार नाही." तिने नाकात वजन भरलं. वर मलाच शहाणपण शिकवलं : "नाक उंच ठेवायचं तर आत काहीतरी वजन हवं. रिकामं नाक वर केलं की माणूसही तोंडावर आपटतं."

मग गच्चीवर जाऊन, जिथे तोल साधतो तिथे दोरी बांधून, ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडणार, अशी ती परीक्षा. मालकीणबाई कपडे काढायला वर आल्या होत्या, त्या टाकीमागे लपल्या. "अगं भिंगरे, रॉकेट फिरतंय का तू?" रॉकेटचं नाक पुढे होतं. भिंगरी मात्र चक्कर येऊन बसली आणि आम्ही तिघी हसलो.

एकच काम राहिलं होतं. नाकाखाली एक लाल कडं हवं. खोक्याच्या चित्रात आहे, तिने रंगवलेलं नाही. "तयार" लिहून ठेवलं आणि कडं राहिलं, म्हणजे ते ती माळावर जाऊन आयत्या वेळी करणार असेल. तशीच होती ती.

ते मी केलं. उभी हयात रेघा ओढण्यात गेली, एक कडं काय. ब्रश एका जागी धरायचा आणि नळी फिरवायची. नळी मालकीणबाईंनी फिरवली. धार थोडी नागमोडी आली आहे. त्या म्हणाल्या, "लांबून दिसणार नाही." मी पुसून पुन्हा केलं नाही. त्या दिवशी थंडी होती.

मालकीणबाई माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं माप घेऊन गेल्या. त्यांना जिन्याखाली ठेवायला हवं आहे. ते असो.

ताई

१२ मार्च

प्रिय धाकटे,

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, कारण ते तुझं आहे.

घड्याळजी भिंग आणि चिमटा घेऊन आले. स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. म्हणाले, "ताई, नाक काढून आत बघायला हवं. उडवायचं असेल तर पॅराशूट बदलावंच लागेल."

तुला माहीत नसेल. रॉकेट वर पोचलं की आत छोटासा बार होतो, नाक निघतं आणि नळीतून पॅराशूट बाहेर पडतं. ते उघडलं की रॉकेट हळूहळू खाली येतं. न उघडलं तर बाणासारखं जमिनीत घुसतं. पॅराशूट पातळ प्लास्टिकचं असतं. घडी घालताना पावडर लावतात, चिकटू नये म्हणून. आणि घडी नेहमी उडवायच्या दिवशीच घालतात.

"ही त्या रविवारी सकाळी घातलेली आहे," घड्याळजी म्हणाले. "वारा सुटला म्हणून उडवलं नाही. आता इतकी वर्षं घडीतच राहिलंय. प्लास्टिकला सवय लागते, ताई. वर जाऊन उघडणार नाही."

"उलगडून पुन्हा घालता येईल?"

"येईल." चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पण मग ती तिची राहणार नाही."

त्यांनी नाक हलकेच ओढलं. इलॅस्टिकच्या पट्टीमागून ते पांढरं गुंडाळं सरकत बाहेर आलं आणि फडक्यावर पडलं. करंगळीएवढं जाड. दोऱ्या त्याभोवती सैलसर गुंडाळलेल्या. पावडरीचा वास आला. तिचीच पावडर, निळ्या डब्यातली.

मला वाटलं होतं माझी घडी दिसेल. पोर पाच वर्षांची माझ्याकडे आली. तिचे वडील गेले होते, तुला दूरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, आणि नर्सांच्या वसतिगृहात मूल ठेवता येत नव्हतं. बुटाच्या नाडीपासून भागाकारापर्यंत सगळं मी शिकवलं. रुमालाची घडीसुद्धा. कोपऱ्यावर कोपरा, कडेवर कड. कपाटात तिच्या आणि माझ्या कपड्यांच्या चळती शेजारी ठेवल्या तर कुणाची कुठली सांगता येऊ नये.

धाकटे, त्या घडीला कान होता.

एक कोपरा बाहेर, मांजराच्या कानासारखा. घड्याळजी भिंगातून बघत म्हणाले, "हा चुकून राहिलेला नाही. मुद्दाम काढलाय. वर गेल्यावर वारा आधी इथून आत शिरणार. मी तर मुलांना असं शिकवलेलं नाही. कुठून शिकली असेल?"

मी म्हटलं, "तिच्या आईकडून."

तू रजेवर यायचीस तेव्हा दुपारी तुम्ही दोघी गच्चीवर कपडे काढायला जायचात आणि तासतासभर खाली यायचा नाहीत. मी म्हणायची, एवढे कपडे आहेत तरी किती. माझ्यासमोर तिने एकदाही कान काढला नाही. घरात ती माझ्या घड्या घालायची. तुझी घडी तिने वाऱ्यासाठी राखून ठेवली होती.

घड्याळजींना ती उलगडू दिली नाही. ते नवं पॅराशूट करणार आहेत, प्लास्टिकचंच. जुनी घडी मी औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवली आहे, दाबली जाऊ नये म्हणून. बूच सैल लावलं आहे.

इतकंच लिहायचं होतं. आज येशील का असं विचारत नाही.

ताई

९ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट मिळालं. मालकीणबाईच वर घेऊन आल्या, आणि मी फोडेपर्यंत "जिना फार चढवतो हो" म्हणत दाराशी दम खात उभ्या राहिल्या.

पिवळा रंग पाहिला आणि ओळखलं. तिचा रेनकोट, तो मुठीत मावणारा, फिरायला जाताना खिशात कोंबायची तो. तू कापून पॅराशूट केलंस. घडी घालून, पावडर लावून, दोऱ्या बाहेर मोकळ्या ठेवून पाठवलंस. शिवण मी भिंगाखाली बघितली. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. एक सुटला तरी पुढचे सुटणार नाहीत, असं जखमेला घालतात तसं. आणि वर कान.

चिठ्ठीत एकच ओळ. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, आणि ओळ अशी : "अक्षर कधीपासून बारीक होतंय? डॉक्टरला दाखवलंस का?"

मी हसले आणि मग बराच वेळ हसले नाही. शेवटी नर्स ती नर्स. नव्या पेनाची थाप तुझ्यापुढे चालणार नव्हतीच.

दाखवलं. कंपवात आहे. उजव्या हातापासून सुरू झाला, आता डावाही साथ देतो. गोळ्या घेते. सकाळी दोन-तीन तास हात बरा असतो, तेवढ्यात पत्र लिहिते. या पत्राला चार सकाळी लागल्या. लाल कड्याची धार थंडीने नागमोडी झाली नव्हती, हेही आता लिहून टाकते. आणि कपाटाचं माप मालकीणबाईंनी घेतलं ते एवढ्यासाठी, की मे महिन्यात मी ही जागा सोडते आहे. टेकडीमागे म्हाताऱ्या माणसांसाठी घर आहे, तिथे खोली मिळाली. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. जिना नाही. जेवण आयतं. वाईट नाही, मी बघून आले. शेजारच्या खोलीतल्या आजींनी विचारलं, "तुम्ही घोरता का?" मी म्हटलं, "अजून कुणी तक्रार केली नाही." त्या म्हणाल्या, "एकट्या राहता म्हणा की."

आता कामाचं. घड्याळजींनी तुझ्या दोऱ्या ताणून बघितल्या आणि भुवया वर गेल्या.

"उलगडून बघायची गरज नाही. दोऱ्यांवरूनच सांगतो, हे फार मोठं आहे. एवढ्याशा रॉकेटला चादर लावल्यासारखं."

"मग वाईट काय? हळू उतरेल."

"फार हळू उतरेल, ताई. मऊ उतरेल, पण आपल्या हाती उतरणार नाही. वारा घेऊन जाईल. मधोमध एक भोक पाडू. वारा थोडा गळून जातो, लवकर खाली येतं. सगळे पाडतात."

कात्री त्यांच्या खिशात होतीच. तू ते मोठं का केलंस ते मला कळत होतं. कुठल्या आईने लहान केलं असतं?

मी म्हटलं, "कात्री नको."

"नाहीसं होईल ते."

"होऊ दे. आपटायला नको."

त्यांनी कात्री ठेवून दिली. पुढचा रविवार ठरला आहे, माळावरचा शेवटचा. तुला रजा मिळणार नाही, हे तू लिहिलं नाहीस तरी समजले. आम्ही सकाळी उडवू, माझा हात बरा असताना. बटण मी दाबणार आहे.

ताई

१७ एप्रिल

प्रिय धाकटे,

काल उडालं.

सगळं सांगते, काही गाळत नाही. टॅक्सीत खोकं मांडीवर घेऊन बसले होते. मालकीणबाईही आल्या, "कुणाच्या डोक्यात पडलं तर साक्षीला कुणी हवं" म्हणून. माळाच्या एका कडेला गोदामांच्या खांबांसाठी खड्डे खणून ठेवलेत. मंडळाची मुलंमुली होती, त्यांची रॉकेटं आधी उडाली. घड्याळजी गवताची पात हवेत सोडून वारा बघत होते. पात प्रत्येक वेळी कालव्याकडे जात होती. मी ते बघत नाही असं दाखवत होते.

नळीत आधी न जळणारे कागदाचे बोळे घातले, बाराने पॅराशूट होरपळू नये म्हणून. मग तुझं पॅराशूट. ते मावेना. घड्याळजींनी फिरवून फिरवून, हळूहळू आत सरकवलं. शेवटी कान तेवढा वर राहिला, त्याला नाकाखाली बसवताना म्हणाले, "आत जा रे बाबा." लोखंडी सळईवर रॉकेट उभं केलं. तारा जोडल्या. मला खुर्ची दिली आणि बटणाची पेटी मांडीवर.

उलटी गिनती मुलींनी केली. बटण दाबायला हात स्थिर लागत नाही, धाकटे. कसाही थरथरला तरी चालतं. माझ्या मनात तीच भीती होती, ती फुकट गेली.

आवाज फक्त फुस्स असा. मालकीणबाईंनी कानांवर हात ठेवले होते, ते काढून म्हणाल्या, "झालं?" तोवर ते इतकं वर गेलं होतं की मी मान मागे टाकली आणि टोपी पडली. सरळ गेलं. एक कोलांटी नाही, एक हेलकावा नाही. नाकातलं वजन तिने बरोबर भरलं होतं. घड्याळजी पुटपुटत होते, "शाब्बास गं, शाब्बास." ती ऐकत असल्यासारखं.

मग ते दिसेनासं झालं. आवाजही नाही. तेवढा क्षण मला कुणी विचारू नये.

मग पिवळं उमललं.

पूर्ण उघडलं, एका झटक्यात. एवढं मोठं की मुली ओरडल्या. आणि त्यात एका बाजूला गडद चौकोन दिसत होता. रेनकोटाचा खिसा तू उसवलास ना, तिथलं कापड फिकं पडलेलं नव्हतं. त्या खिशात ती मुठी घालून चालायची.

ते खाली येईचना. वर तरंगत राहिलं आणि मग कालव्याकडे निघालं, घाई नसल्यासारखं. घड्याळजी धावले, मुली धावल्या. मी खुर्चीतच होते. मालकीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. ते झाडांच्या रांगेवरून गेलं, मग कालव्यावरून. मग पलीकडे धुरकट होतं तिथे मला दिसेना. मालकीणबाईंना आणखी थोडा वेळ दिसलं. त्या सांगत राहिल्या, "आहे. आहे अजून. आहे." मग त्यांनी सांगणं थांबवलं.

संध्याकाळपर्यंत शोधलं. पुलावरून पलीकडे गेलो. तिथे एका कारखान्याचा पहारेकरी बसला होता. घड्याळजींनी विचारलं, "इकडे काही पिवळं उतरलं का?" तो म्हणाला, "पिवळं? इथून रोज पुष्कळ उडत जातं. पिशव्याच सगळ्या. तुमचं काय होतं?"

घड्याळजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रॉकेट होतं. आमच्या मुलीचं."

तो उठून आवारात बघायला गेला. पत्र्यांच्या मागे, ढिगांच्या मागे, सगळीकडे बघून आला. नव्हतं. म्हणाला, "सापडलं तर ठेवून देईन."

आमच्या मुलीचं, असं तोंडून गेलं. तुला विचारायला हवं होतं. पण खोडत नाही.

तर असं झालं. घड्याळजी म्हणतात भोक पाडलं असतं तर आज ते टेबलावर असतं. खरं आहे. घरी आल्यावर रिकामं खोकं टेबलावर ठेवलं आणि मी रडले. इतकी वर्षं जे हाती नव्हतं ते दोन महिने हाती होतं, आणि पुन्हा गेलं. पण ते आपटलं नाही, धाकटे. मी बघत होते. ते कुठेही आपटलं नाही.

ताई

२ मे

प्रिय धाकटे,

तुझं पत्त्याचं कार्ड आलं. पत्ता तोच आहे, बदललेला नाही. तरी पाठवलंस, आणि या वेळी हाताने लिहून.

मी परवा टेकडीमागे जाते. तिथला पत्ता पाकिटावर आहे. तुला रजा कधी मिळेल ठाऊक नाही, म्हणून इथलं काय कुणाचं ते लिहून ठेवते. किल्ली मालकीणबाईंकडे आहे.

पुस्तकांचं कपाट मालकीणबाईंना. त्या नको नको म्हणतील, पण माप त्यांनी आधीच घेतलंय. रेडिओही त्यांनाच, तो त्यांना भिंतीतून पाठ आहे.

माझी रेघा ओढायची लेखणी, तिची टोकं आणि उताराचं टेबल मंडळाच्या मुलींना. घड्याळजी नवी जागा शोधत आहेत. एक मुलगी कडं फार छान ओढते, तिचं नाव मी विसरले, तिच्या दाताला तार आहे. लेखणी तिला. इतरांनी भांडू नये.

घड्याळजींना खोक्यातली भिंगरीची दोरी, गच्चीवर रॉकेट फिरवायची ती. त्यांनी मागितली नाही. पण दोन वेळा हातात घेऊन ठेवली.

खोक्यात उरलेला लाकडाचा तुकडा आणि घासायचा कागद शोधू नका. ते मी बरोबर नेते. सकाळी घासत बसेन. घासायला थरथर आड येत नाही, उलट मदतच होते.

रिकामं खोकं तुला. झाकणावर तिचं अक्षर आहे.

बाटली तुला. ती मी टेबलावर खिडकीपासून दूर ठेवली आहे, ऊन लागू नये म्हणून. त्यातली घडी उलगडायची की तशीच ठेवायची, ते तू ठरव. उलगडायची झाली तर कान हाताला लागेल, तिथून सुरुवात कर. मी उलगडली नाही, आणि मला विचारू नकोस. ती माझी नाही.

भांडी, पडदे, खुर्च्या ज्याला हव्या त्याला.

फक्त मोठी पांढरी चादर कुणाला देऊ नका. ती मी धुऊन, वाळवून खुर्चीच्या पाठीवर टाकली आहे, तशीच. मालकीणबाई म्हणाल्या, मी घडी घालते. मी नको म्हटलं. ती तिथेच राहू दे. तू आलीस की टेकडीमागे घेऊन ये. एक टोक मला धरता येतं.

ताई